तालुक्याच्या गावी बिऱ्हाड हलवताना: मुलाबाळांसाठी गाव कसं पारखायचं

मुंबई-पुण्याला कंटाळलेल्या माणसाला डिसेंबरातलं कुठलंही गाव आवडतं. हवेत गारवा असतो, नदीला स्वच्छ पाणी असतं, पुढ्यात हुरडा किंवा सोलकढी येते आणि परतताना टोलनाका यायच्या आत नवरा-बायकोत प्लॉटच्या भावाची चर्चा सुरू झालेली असते. अशा चर्चेतून घेतलेल्या प्लॉटवर पुढे नुसतं गवत वाढतं. राहायचं गाव त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघावं लागतं, आणि तो महिना गावागणिक वेगळा असतो. चिपळूणला जुलै, लातूरकडे एप्रिल-मे, वाईला मे महिन्यातले शनिवार-रविवार, जेव्हा पसरणी घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांनी गाव भरतं.

घरातलं निदान एक माणूस घरून काम करतं किंवा बदली घेऊ शकतं, दोन मुलं आहेत, कदाचित आईवडीलही सोबत येणार आहेत, अशा कुटुंबासाठी हे लिहितोय. गाव म्हणजे वाडी-वस्ती नव्हे. नगरपंचायत किंवा नगरपरिषद असलेलं गाव. २०११च्या जनगणनेत सावंतवाडी २४ हजारांच्या आत होती, वाई ३६ हजारांच्या आसपास, चिपळूण ५५ हजार, सातारा सव्वा लाखाच्या जवळ. साधारण या पट्ट्यातली गावं डोळ्यांपुढे ठेवा.

१. आधी घरातली वयं लिहा

वहीच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं आजचं, पाच वर्षांनंतरचं आणि दहा वर्षांनंतरचं वय मांडा. निम्मा निर्णय त्या पानावरच होतो.

मूल चार-पाच वर्षांचं असेल तर तुमच्या हातात दहावीपर्यंतची दहा-अकरा वर्षं आहेत. त्या काळात तालुक्याचं गाव त्याला भरपूर देतं: सायकलने शाळा, संध्याकाळी मैदान, दुपारी जेवायला घरी असलेले आईबाप. मूल आठवी-नववीत असेल तर हिशेब उलटतो. अकरावी तोंडावर येते आणि जेईई-नीट म्हटलं की गावातली मुलं स्वतःच लातूर, पुणे, कोल्हापूर गाठतात. ज्या वयात गावची मुलं बाहेर पडतात, नेमक्या त्याच वयात तुम्ही आपल्या मुलाला गावात आणणार का, हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर सातवीनंतर हलायचं असेल तर थेट जिल्ह्याच्या गावी जा, नाहीतर बारावी होऊ द्या. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी तोडून तिला मोकळी हवा दाखवण्यात फारसा अर्थ नसतो.

आईवडिलांचं दहा वर्षांनंतरचं वय पंचाहत्तरीच्या पुढे जात असेल तर खाली दवाखान्याचा भाग आहे तो शाळेच्या भागाआधी वाचा.

२. मोठं गाव किती तासांवर?

छोट्या गावाचा संसार शेजारच्या मोठ्या गावाच्या जिवावर चालतो. म्हणून नकाशा उघडला की आधी मोठी गावं शोधा: जिथे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, बरी महाविद्यालयं आणि रात्री उघडं असणारं मेडिकल आहे अशी. मग त्यांच्याभोवती तासाभराचं वर्तुळ काढा आणि आतली चार-पाच नावं निवडा. त्याहून जास्त नावं घेतलीत तर एकही नीट बघून होणार नाही.

वाईहून सातारा तासाच्या आत आहे आणि पुणं साधारण दोन तासांवर, म्हणून वाईला स्वतःचं मोठं रुग्णालय नसलं तरी चालून जातं. कराड वेगळ्याच पंगतीतलं. तालुक्याचं गाव असूनही तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९६०पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. दापोलीची हवा उत्तम, १९७२पासून कृषी विद्यापीठ असल्यामुळे शिकलेल्या माणसांची वस्तीही आहे, पण रेल्वे पकडायला खेडला उतरावं लागतं आणि मोठं दुखणं आलं की घाटवळणांचा रस्ता. सावंतवाडीची माणसं गंभीर आजारात गोव्याला, बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. म्हणजे तिथे राहायचं तर तुमचं मोठं गाव दुसऱ्या राज्यात असणार, हे धरून चाला.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्याने स्वतः गाडी चालवा, आणि एकदा एसटीने या. शेवटची एसटी किती वाजता सुटते हे कळलं की त्या गावाला रात्र किती लवकर होते हेही कळतं. स्टेशन गावात आहे असंही गृहीत धरू नका. साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे आणि सावंतवाडीचंही गावापासून लांब; पहाटेच्या गाडीला रिक्षा मिळते का, विचारून घ्या.

३. पाणी: घरमालकाला सोडून सगळ्यांना विचारा

घरमालकाशी होणारं बोलणं बहुतेक ठिकाणी असंच असतं:

"पाणी किती वाजता येतं, काका?"

"सकाळी येतं की."

"रोज?"

"भरून होतं. काळजी करू नका."

"आणि मे महिन्यात?"

"आमच्या आळीला कधी कमी पडलं नाही बघा."

यातलं एकही उत्तर खोटं नसतं, आणि एकातूनही काही कळत नाही. खरी माहिती गच्चीवर असते. आसपासच्या घरांवर पाचशे लिटरची एक टाकी आहे की हजार-हजारच्या तीन, जमिनीखाली हौद बांधलाय का, जिन्याखाली निळी पिंपं ओळीने लावलीत का, हे बघा. तीन टाक्या म्हणजे पाणी एक दिवसाआड किंवा त्याहून विरळ. मग नगरपालिकेत जाऊन पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठा. कुठल्या आळीला किती मिनिटं पाणी आणि चढावरच्या कॉलनीत दाब का बसत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तिसरी गोष्ट उगमाची. धरणाचं नाव विचारा आणि पाणी उताराने येतं की पंपाने, तेही विचारा. साताऱ्याच्या एका भागाला कास तलावाचं पाणी उताराने येतं, त्याला वीज लागत नाही. पंपावरच्या योजनेत वीज गेली की पाणी गेलं, आणि पालिकेचं वीजबिल थकलं तरी गेलंच. मनमाडसारख्या गावाने वर्षानुवर्षं पंधरा-वीस दिवसांआडच्या पाण्यावर दिवस काढलेत. लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याच लातूरला शिकवण्यांसाठी राज्यभरातून मुलं येत असतात, हेही खरं. शाळा चांगली आणि पाणी वाईट, असं एका गावात सुखाने नांदू शकतं.

बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतो का बघा. बाटलीभर पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, खर्च किरकोळ असतो.

४. नदी दिसते त्या घरापाशी जरा थांबा

नदीकाठचं घर दाखवताना दलाल हमखास खिडकी उघडतो. तुम्ही खाली उतरा आणि भिंती बघा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजले बुडाले. महाडलाही त्याच दिवसांत सावित्रीने गाव पाण्यात घातलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. सांगलीकर पावसाळ्यात एकमेकांना "पाणी किती फुटांवर?" असं विचारतात, आणि कुठल्या फुटाला कुठला चौक बुडतो हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

अशा गावात राहू नये असं मी म्हणणार नाही. सांगली-मिरजेइतकी डॉक्टरांची गर्दी पुष्कळ मोठ्या शहरांतही सापडत नाही. पण गल्ली निवडून घ्यावी लागते. नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात नदीची निळी आणि लाल रेषा दाखवलेला नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा. निळ्याच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. दोन्हींच्या मधलं असेल तर वरच्या मजल्यावर राहा आणि गाडी कुठे लावायची याची आधीच सोय बघा. नकाशा मिळाला नाही तर मेडिकलवाल्याला विचारा. गेल्या पुरात फ्रीजमधली औषधं कितव्या फळीवर चढवली होती, हे तो हाताने दाखवेल. जुन्या पेठेत वीजमीटर डोक्याच्याही वर बसवलेले दिसले तर आणखी काही विचारायची गरज नाही.

डोंगरपायथ्याच्या प्लॉटला वेगळी भीती असते. मागचा उतार कुणी रस्त्यासाठी पोखरलाय का, पावसाळ्यात गढूळ पाण्याचे ओहोळ कुठून उतरतात, हे जुलैत जाऊन बघा. कराड-पाटण-चिपळूणच्या पट्ट्यात ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप म्हातारी माणसं अजून सांगतात. तिथे इमारतीचा आराखडा अभियंत्याने केलाय की गवंड्याने, हे विचारायला लाजू नका.

५. दवाखाना: रात्री दोन वाजता काय?

गावात डॉक्टर किती आहेत हा प्रश्न कमी कामाचा. पाट्या सगळीकडे भरपूर असतात. तीन प्रसंग मनात धरून विचारा. बाळाला रात्री दोन वाजता धाप लागली तर कुठे? वडिलांच्या छातीत कळ आली तर ईसीजी कुठे आणि अँजिओग्राफी कुठे? मुलाला साप चावला तर?

ग्रामीण रुग्णालय साधारण तीस खाटांचं असतं, उपजिल्हा रुग्णालय पन्नास किंवा शंभर खाटांचं. नुसत्या पाटीवर विसंबू नका. सकाळी दहाला तिथे जाऊन केसपेपरच्या रांगेजवळ थोडा वेळ बसा. बालरोगतज्ज्ञ रोज येतात की आठवड्यातून दोनदा, भूलतज्ज्ञ आहेत का, सिझेरियन तिथेच होतं की पुढे पाठवतात, हे रांगेतल्या बाया सांगतात. भूलतज्ज्ञ नसेल तर बाकी सगळे असूनही शस्त्रक्रिया अडते. रक्तपेढी कुठल्या गावी आहे तेही टिपून ठेवा. लसीकरणाच्या दिवशी गेलात तर दुहेरी फायदा: लहान मुलांच्या आया एका जागी भेटतात, आणि गावातल्या कोणत्या डॉक्टरकडे मूल न्यावं आणि कोणाकडे नेऊ नये, याची चोख यादी हातात पडते.

सापाचं थोडं सविस्तर. नव्या कॉलन्या शेतं मोडून झालेल्या असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना कॉलनी झाल्याचं कुणी कळवलेलं नसतं. सर्पदंशावरचं औषध सरकारी रुग्णालयात असायला हवं. आज साठ्यात आहे का, हे औषधनिर्मात्याला प्रत्यक्ष विचारा. कोकणात विंचवाचाही विचार करावा लागतो. तिथला लाल विंचू एके काळी लहान मुलांचे जीव घेत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावर उपचार बसवला आणि तो पुढे जगभर मान्य झाला. तालुक्याच्या गावातला डॉक्टर किती मोठं काम करू शकतो याचं हे उदाहरण. मात्र प्रत्येक तालुक्याला बावस्कर नसतात.

१०८ची रुग्णवाहिका गावातच उभी असते की शेजारच्या तालुक्यातून येते, हेही बघा. आरोग्यविमा असेल तर कंपनीच्या यादीत त्या भागातलं कुठलं रुग्णालय आहे ते आत्ताच तपासा. पुण्यातली वीस नावं तिथे कामाची नाहीत.

६. शाळा: इमारत सोडून बाकी सगळं बघा

गेल्या काही वर्षांत बायपासला लागून काचेच्या दर्शनी भिंतीच्या, पिवळ्या बसच्या शाळा उभ्या राहिल्यात. नावात ग्लोबल किंवा इंटरनॅशनल हमखास. त्यातल्या काही चांगल्या असतात. पण गावातली जाणती माणसं स्वतःची नातवंडं कुठे घालतात ते बघा. कितीदा तरी ती पन्नास-साठ वर्षं जुन्या, रंग उडालेल्या हायस्कूलमध्ये असतात.

जुन्या शाळेत शिरलं की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शिष्यवृत्तीधारकांच्या नावांचा फलक असतो. किती नावं आहेत त्यापेक्षा शेवटचं वर्ष कोणतं आहे ते वाचा. फलक दहा वर्षांपूर्वी थांबला असेल तर तेव्हाचे गणिताचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. अनुदानित शाळांत रिक्त पदं हा मोठा प्रश्न आहे. म्हणून मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: गणित, विज्ञान आणि इंग्रजीला कायम शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर? खासगी शाळेत विचारायचा प्रश्न वेगळा: गेल्या वर्षीचे किती शिक्षक यंदाही आहेत?

मंडळ बदलायचं असेल तर पुढची वाटही बघून ठेवा. गावात सीबीएसई आठवीपर्यंतच असते आणि दहावीचे वर्ग "पुढच्या वर्षी" सुरू व्हायचे असतात, असं खूपदा दिसतं. मान्यतेचं पत्र पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.

नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, डोक्यात असेल तर तारखांचा हिशेब आधी करा. सहावीच्या प्रवेशासाठी मूल पाचवीत त्याच जिल्ह्यात शिकत असावं लागतं, आणि तिथल्या ७५ टक्के जागा ग्रामीण शाळांत तिसरी ते पाचवी शिकलेल्या मुलांसाठी असतात. नगरपरिषदेच्या हद्दीतली शाळा त्यात शहरी धरली जाते. ही बारकी गोष्ट पाचवीत कळून उपयोग नाही.

मुलगी असेल तर शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहा. मुली सायकलने घरी जातायत का, कुठल्या वर्गापर्यंतच्या जातायत, कोपऱ्यावर मोटरसायकली लावून कोण उभं आहे, हे सगळं दिसतं. नववी-दहावीच्या मुली एकट्या सायकलने जाताना दिसल्या तर गावाला माझ्याकडून बरेच गुण.

शाळेबाहेरचंही थोडं बघा: वाचनालयात बालविभाग उघडा असतो का, पोहायला कुठे शिकवतात, मैदानावर मुलगे-मुली दोघंही असतात का. चिपळूणजवळ डेरवणला मोठं क्रीडासंकुल आहे. असं काही तासाभराच्या आत असणं खेळणाऱ्या मुलाच्या घरासाठी लाखमोलाचं.

७. वीज, इंटरनेट, जोडीदाराचं काम

फायबर "येतं" असं सगळेच सांगतात. ज्या घरात राहणार त्याच्या शेजारच्या घरी आहे का, बघा; सिमकार्डं दोन कंपन्यांची ठेवा. महावितरणचा देखभालीचा दिवस कोणता तेही विचारा, त्या दिवशी मीटिंग नकोत. किनाऱ्याला वेगळा विचार करा: ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली-मंडणगड भागातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

घरून काम करणाऱ्याचं ठीक असतं. अडचण दुसऱ्याची होते, आणि हा दुसरा बहुतेक घरांत बायको असते. शहरातली नोकरी सोडून ती गावात नुसती घर सांभाळणार असेल तर वर्षभरात बिऱ्हाड परत फिरतं, असं मी पाहिलंय. तिच्या क्षेत्रातलं काम त्या तासाभराच्या वर्तुळात कुठे आहे, याची चौकशी शाळेच्या चौकशीइतकीच गंभीरपणे करा.

८. हवा, आवाज आणि शेजार

साखर कारखाना दहा किलोमीटरच्या आत असेल तर गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, एकदा जाऊन या. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी बसते का, मळीचा वास कुठल्या वाऱ्याला येतो, हे तेव्हाच कळेल. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा न लावता जातात. शाळेचा रस्ता तोच असेल तर सायकलचा विचार बदलावा लागेल. रासायनिक वसाहतीच्या बाबतीत तर वाऱ्याची दिशा आणि ओढ्याच्या पाण्याचा रंग, दोन्ही बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गणपतीतल्या आणि लग्नसराईतल्या डीजेपासून एकही गाव सुटलेलं नाही. मंगल कार्यालयाशेजारचं घर टाळता येतं, तेवढं टाळा.

माणसांबद्दल सरळ बोलायचं तर गावात तुम्हाला पहिल्याच आठवड्यात "मूळ गाव कुठलं?" आणि "आडनाव काय म्हणालात?" हे विचारलं जाईल. त्यामागे कधी निव्वळ आपुलकी असते, कधी जात काढायची असते. घर भाड्याने देताना मांसाहार, जात, धर्म, एकटी बाई यांवरून नकार देणारे मालक गावातही आहेत आणि शहरातही. फरक एवढाच, की गावात पर्याय कमी. म्हणून घर बघायला सगळ्या कुटुंबाने जावं आणि घरात जे चालतं ते आधीच मोकळेपणाने सांगावं. त्याच शेजाऱ्याकडे पुढे मुलं शाळेतून आल्यावर विनासायास थांबतील, आणि तुम्ही कुठे गेला होतात हेही त्याला ठाऊक असेल. दोन्ही एकाच पाकिटात येतं.

९. अकरा महिने भाड्याने, मग कागद

मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून अकरा महिन्यांचा करार मेच्या मध्यापासून करा. उन्हाळ्याची शेपटी, अख्खा पावसाळा, दिवाळी, गळीत हंगाम आणि परत उन्हाळा, सगळं त्यात येतं. शहरातलं घर या काळात विकू नका. भाड्याने द्या.

विकत घ्यायची वेळ आली की घाई करणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं. "नंतर बघू, करून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. "गुंठ्याचा प्लॉट" हा शब्द कानावर आला की बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि रस्त्याचा हक्क कागदावर बघायला मागा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण सातबारावर दहा जणांत एक नाव तुमचं असेल तर तुमचा गुंठा नेमका कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. गावठाणातलं जुनं घर असेल तर मालमत्ता पत्रक काढा आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. मुंबईत राहणारी बहीण हमखास विसरलेली असते. जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या, विक्रेत्याच्या नको. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता किंवा मैदानाचं आरक्षण आहे का, तेही नगरपरिषदेत विचारा.

फ्लॅटचा घोळ वेगळा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, आणि तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच इमारती नेमक्या याच मापात बसतात. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एवढाच तुमचा आधार. साधी परीक्षा हवी असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जाचा अर्ज टाका, पैशांची गरज नसली तरी. बँकेने कागद परत पाठवले आणि बिल्डर म्हणाला "आपल्या ओळखीची पतसंस्था आहे, तिथून देऊ," तर ते घर सोडा आणि करार आणखी अकरा महिने वाढवून घ्या.